ठाण न सोडणारी घोडी

ठाण सोडायला नाखूश असलेला घोडा नेहमी दारातच अडतो असे नाही. काही घोडे खोगीर चढवताना शांत उभे राहतात, तबेल्याच्या फाटकापर्यंत निमूट येतात आणि तिथे पाय रोवून मान वर करतात. काही थोडे अंतर नीट चालतात आणि ठरावीक झाडाशी किंवा वळणाशी आल्यावर गर्रकन मागे फिरतात. तिसऱ्या प्रकारच्या घोड्याला जाताना हाकत न्यावे लागते, पण तोंड घराकडे होताच तो लगाम न जुमानता दुडकीवर येतो. चौथा फक्त एकटा असला तरच अडतो. पुढे ओळखीचा घोडा असेल तर कुठेही जातो. घोडेवाले या सगळ्यांना सरसकट अडेल म्हणतात. उपाय मात्र सर्वांना सारखा लागू पडत नाही, आणि समोरचा घोडा नेमका कुठे, कोणासोबत आणि कोणत्या वेळी अडतो हे आधी पाहून घेतले नाही तर पुढची मेहनत फुकट जाते.

माथेरानसारख्या ठिकाणी या दोषाचा संबंध थेट घरातल्या चुलीशी येतो. डोंगरमाथ्यावर मोटारींना बंदी आहे. गाड्या दस्तुरी नाक्यावर थांबतात; पुढे माणसे पायी, घोड्यावर, ई-रिक्षाने किंवा अमन लॉज स्थानकातून छोट्या गाडीने बाजारपेठेकडे जातात. अश्वपालाचे वर्ष दिवाळी, नाताळ आणि उन्हाळी सुट्टी यांच्या कमाईवर चालते. पावसाळ्यात पर्यटक कमी, वाटा निसरड्या, धुके दाट. नेरळहून वर येणारी छोटी गाडीही त्या दिवसांत बंद असते. घोडा त्या काळात बराच वेळ बांधूनच असतो. दसऱ्याला त्याला अंघोळ घालून, हार घालून त्याची पूजा होते आणि लगेच पुढच्या दिवसांत भर हंगामाच्या फेऱ्यांची अपेक्षा सुरू होते. ज्या जागेत पावसाळाभर दाणावैरण, विसावा आणि शेजारी सोबतीचा घोडा हे सगळे मिळाले, ती जागा सोडताना त्याने कां-कूं करावी यात नवल नाही.

पुढील निरीक्षणे अशाच एका घोडीची आहेत. घोडी माथेरानची, कुमैत रंगाची, कपाळावर चांदणी, नाव राणी. एका पावसाळ्यानंतर प्रस्तुत लेखकाने तिच्यावर काम केले, आणि त्या कामात तिचा मालक व त्याचा मुलगा सुरुवातीपासून सोबत होते. मालकाची तक्रार अशी होती: "दुसऱ्या घोड्याच्या मागं लावली की जाते, सर. एकटीला काढली की वळणापाशी हलत नाही. मारलं तर उलटी फिरते." या तीन वाक्यांत बहुतेक निदान होते. घोडी दारात अडत नव्हती, म्हणजे खोगिराचा किंवा स्वाराचा तिटकारा हे मुख्य कारण नसावे. ती एका ठरावीक जागी अडत होती, म्हणजे त्या जागेशी काहीतरी निगडित होते. सोबत असली की ती जागा ती ओलांडत होती, म्हणजे पायात तिला चालताच येऊ नये इतके दुखणे नव्हते. आणि मार बसल्यावर ती अधिक बिघडत होती. वळणाबद्दल विचारल्यावर उलगडा झाला. तिथे उतारावर बसवलेले ब्लॉक पावसात शेवाळून गुळगुळीत झाले होते, आणि जुलैत घोडी त्यावर मागच्या पायांनी घसरून बसली होती.

घोडा कळपाचा प्राणी आहे आणि धोका दिसताच पळून जीव वाचवणे हा त्याचा लाखो वर्षांचा शिरस्ता आहे. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्याने दोन्ही मिळून जवळजवळ ३५० अंशांचा परिसर त्याला दिसतो. अगदी कपाळासमोरची आणि शेपटीमागची चिंचोळी पट्टी तेवढी सुटते. मोकळ्या माळावर कळपातले घोडे आळीपाळीने विसावतात, कोणी ना कोणी जागे असते. एकट्या घोड्याला ही राखण स्वतःच करावी लागते. म्हणून सोबत सोडून जाणे त्याच्या दृष्टीने साधी गोष्ट नसते. बांधलेल्या घोड्याला कळप म्हणजे शेजारच्या दावणीचे दोन-तीन घोडे आणि चरण्याचे रान म्हणजे गव्हाणीतली पेंढी. सुरक्षितता, अन्न आणि सोबत या तिन्ही गोष्टी एकाच छपराखाली गोळा झाल्या, आणि बाहेर ओझे, चढ, अनोळखी स्वार व लगामाचे हिसके एवढेच उरले, तर घोड्याचा कल कुठे असेल हे सांगायला नको. ठाण न सोडणाऱ्या घोड्याला पुन्हा शिकवणे म्हणजे हा ताळेबंद बदलणे. बाहेर काहीतरी चांगले घडते आणि परत येणे ठरलेले आहे, या दोन्ही गोष्टी त्याला पुरेशा वेळा अनुभवायला मिळाव्या लागतात.

यात घोड्याच्या शिकण्याची रीत फार महत्त्वाची आहे. घोडा दाबाला प्रतिसाद देतो, पण शिकतो तो दाब सुटण्याच्या क्षणी. टाच लागली, तो पुढे गेला, टाच लगेच सैल झाली: पुढे जाणे हा उपाय आहे असे तो शिकतो. टाच लागली, तो मागे फिरला, स्वार घाबरून उतरला: मागे फिरणे हा उपाय आहे असे तो तितक्याच पक्केपणी शिकतो. हंगामाच्या गर्दीत हे दुसरे शिक्षण नकळत रोज दिले जाते. घोडी अडली की पर्यटकाचा खोळंबा होतो, म्हणून त्याला दुसऱ्या घोड्यावर बसवून रवाना करतात आणि अडलेली घोडी तबेल्यात परत जाते. तिथे खोगीर उतरते, तंग सुटतो, पुढ्यात गवत येते. अडण्याचे बक्षीस याहून चोख देता येणार नाही. आणि अडल्यावर कधी परत नेले, कधी दामटून पुढे नेले, असे चालले तर सवय आणखी चिवट होते. कधीतरीच मिळणाऱ्या बक्षिसाच्या आशेवर केलेली खटपट सहजी सुटत नाही.

पण शिकवण्याआधी शरीर तपासावे लागते, आणि या पायरीवर घाई करणे घोड्यावर अन्याय करणारे आहे. ज्याला बोलता येत नाही तो प्राणी दुखते हे वागण्यातूनच सांगतो. ब्रिटिश पशुवैद्यक स्यू डायसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये स्वाराखाली चालणाऱ्या घोड्यातील २४ वर्तनखुणांची यादी प्रसिद्ध केली. कान सतत मागे पाडणे, शेपूट झटकणे, तोंड वारंवार उघडणे, डोके हलवणे, पुढे जायला कांकू करणे, अचानक थांबणे या त्यातल्या काही. त्यांपैकी आठ किंवा अधिक खुणा दिसल्या तर घोड्याला कुठेतरी दुखत असण्याचा संभव बराच मोठा असतो. अडेलपणा म्हणून ज्यासाठी चाबूक उचलला जातो, त्यातल्या कितीतरी खुणा या यादीत आहेत.

तपासणी तोंडापासून सुरू करावी. दाढांच्या कडा घासून धारदार झाल्या असतील तर गालाला आतून जखमा होतात आणि कडियाळे ओढले की वेदना होते. मानेच्या बुडाचा उंचवटा आणि पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजू बोटांनी हळूहळू दाबत जावे. जिथे कातडी थरथरते किंवा घोडा पाठ खाली घेतो तिथे खोगीर लागते आहे. कण्यावरून खोगिराच्या मधून आरपार उजेड दिसला पाहिजे, स्वार बसल्यावरही. तंगाखाली, कोपराच्या मागे, केस गेलेले आहेत का पाहावे. नंतर पाय. पावसाळ्यात ओल्या शेणात उभे राहून खुराच्या तळव्याचा मऊ त्रिकोणी भाग कुजतो, काळा पडतो, त्याला विशिष्ट दुर्गंधी येते. तिथे बोट दाबल्यावर घोडा पाय ओढून घेतो. काम बंद म्हणून नालबंदाला बोलावलेले नसते, त्यामुळे खूर पुढे वाढलेले असतात आणि उतारावर घोडा अडखळतो. डोळ्यांकडेही लक्ष हवे. एका डोळ्याने अंधुक दिसणारा घोडा त्या बाजूने येणाऱ्या प्रत्येक गोष्टीला बुजतो आणि लोक त्याला खोडकर ठरवतात.

पोटाचे दुखणे बाहेरून दिसत नाही, म्हणून त्याबद्दल अधिक सांगणे आवश्यक आहे. मोकळा घोडा दिवसाचे चौदा-सोळा तास चरत असतो. त्याच्या जठरात आम्ल सतत पाझरते, पोटात अन्न असो वा नसो. सतत चावल्यामुळे सुटणारी लाळ आणि पोटातला चारा त्या आम्लाला आवर घालतात. दोन वेळा भरपूर चंदी आणि मध्ये तासन्‌तास रिकामी गव्हाण असा दिनक्रम झाला की जठराच्या अस्तराला व्रण होतात. असा घोडा तंग आवळताना चावायला येतो, पोट आखडून घेतो, चालायला नाखूश असतो. तंगाशी चिडणाऱ्या घोड्याला थोबाडीत मारण्याची रीत सर्रास दिसते, आणि ती थांबायला हवी.

राणीच्या बाबतीत पशुवैद्यकाने पाहिल्यावर तीन गोष्टी सापडल्या. पुढचे खूर लांबले होते, उजव्या मागच्या खुरात कूज होती आणि खोगिराखालची गादी घामाने कडक होऊन एका बाजूला गोळा झाली होती. कूज स्वच्छ करून औषध भरणे, खूर छाटून नव्याने नाल मारणे आणि जागा कोरडी ठेवणे एवढ्याने तिची चाल बदलली. गादी नवी शिवून घेतली. काम न करणाऱ्या घोडीला हंगामातल्याइतकाच हरभरा मिळत होता. तो कमी करून गवत वाढवले आणि एकाच वेळी न टाकता दिवसभर थोडेथोडे दिले. रिकामे उभे राहून दाणा खाणाऱ्या घोड्याच्या अंगात साचलेली ऊर्जा बाहेर पडताना कोणत्याच शिकवणुकीला दाद देत नाही, हे अनेक तबेल्यांत पाहायला मिळते. एवढे झाल्यावरही घोडी वळणाशी अडतच होती. वेदना गेली तरी सवय आणि भीती मागे राहतात. तिथून खरे शिक्षण सुरू होते.

पहिले काम जमिनीवरचे, म्हणजे स्वाराशिवाय. म्होरकी आणि लांब दोरी एवढे साहित्य पुरते. दोरीला हलका ताण देऊन घोडीने एक पाऊल पुढे टाकताच ताण पूर्ण सोडायचा. छातीवर बोटांचा दाब देऊन एक पाऊल मागे, तीच गोष्ट. बरगडीपाशी दाब देऊन मागचा भाग बाजूला सरकवणे, तीच गोष्ट. हे बाळबोध वाटते आणि म्हणूनच लोक ते टाळतात. पण वळणापाशी मागे फिरणारा घोडा मुळात पुढे चल या खुणेचा अर्थ अर्धवट जाणत असतो. शांत जागी जे दहापैकी दहा वेळा जमत नाही ते भीतीच्या जागी एकदाही जमणार नाही. राणी दोरीच्या ताणाला मान लांब करून उत्तर देई आणि पाय तिथेच ठेवी. तबेल्याच्या अंगणात ताण आला की पाऊल, हे तिच्या अंगवळणी पडेपर्यंत फाटकाबाहेर जायचे नाही असे ठरले. मालकाला ही वाट पाहणे जड गेले, कारण दिवाळी तोंडावर होती. त्याने तरी धीर धरला, आणि पुढचे सगळे काम त्या धीरावर उभे राहिले.

बाहेर पडल्यावर शोधायची असते ती उंबरठ्याची जागा. अडण्याच्या बऱ्याच आधी घोडा खुणा देतो. पावले आखूड होतात, मान वर येते, कान पुढे ताठ होतात किंवा एक कान घराच्या दिशेला वळतो, श्वास थबकतो, ओठ आवळले जातात. जिथे पहिली खूण दिसते ती उंबरठ्याची जागा, आणि जिथे पाय थांबतात ती त्याच्या पुढची. काम या दोहोंच्या मध्ये करायचे असते. खूण दिसताच दोन पावले आणखी मागायची, ती मिळाली की थांबायचे, मानेवर खाजवायचे, चुचकारायचे, घोडा मान खाली घालून श्वास सोडेपर्यंत उभे राहायचे आणि मग आपण होऊन मागे वळायचे. वळण्याचा निर्णय माणसाचा असला पाहिजे आणि घोडा शांत असताना घेतलेला असला पाहिजे. भेदरलेल्या घोड्याला परत वळवले तर भीतीला बक्षीस मिळते. शांत घोड्याला परत वळवले तर शांतपणाला. दृश्य तेच दिसते, परिणाम मात्र उलटा होतो.

थोडे पुढे, थोडे मागे, पुन्हा आधीपेक्षा थोडे पुढे अशी ही चाल असते. तिच्यात सरळ रेषा नसते. राणीची सीमा काही दिवस पुढे सरकली, मग एका धुकट सकाळी पुन्हा फाटकाजवळ आली आणि दुसऱ्या दिवशी होती तिथे गेली. अशा वेळी मागचे सगळे पुसले गेले असे समजून जोर लावणे हानिकारक ठरते. त्या दिवशीची सीमा जिथे असेल तिथून सुरू करावे. घसरलेल्या जागेवर ब्लॉकच्या कडेने लाल मातीची पट्टी होती. पायाखाली घट्ट वाटणाऱ्या त्या पट्टीवरून तिला नेले गेले. ब्लॉकवरचे शेवाळ खरवडून तिथे माती पसरण्याचे काम मालकाच्या मुलाने केले. भीतीचे कारण खरे असेल तर घोड्याला समजावण्याआधी ते कारण दूर करणे हेच योग्य. लोखंडी नाल ओल्या गुळगुळीत पृष्ठभागावर घसरते, आणि घोडीचा त्या जागेविषयीचा अंदाज चुकीचा नव्हता.

मारून पुढे नेण्याविषयी मतभेद आहेत असे सांगितले जाते; प्रस्तुत लेखकाच्या मते या विशिष्ट दोषात तरी माराला जागा नाही. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ग्रीक सेनानी झेनोफोन याने अश्वारोहणावर लिहिलेल्या ग्रंथात सांगून ठेवले आहे की, बुजणाऱ्या घोड्याला फटके मारून त्या वस्तूजवळ नेले तर फटक्यांची वेदना त्या वस्तूतूनच येते असे त्याला वाटते आणि भीती आणखी वाढते. रागाच्या भरात घोड्याशी वागू नये हेही त्याच ग्रंथात आहे. घोडा कारण आणि परिणाम यांची सांगड काळाच्या जवळिकीवरून घालतो. वळणाशी चाबूक बसला तर त्याच्या लेखी वळण चावते. राणी चाबूक उचलला की उलटी फिरत असे, त्याचा अर्थ इतकाच होता.

बाहेरची बाजू जड करण्याचा सोपा मार्ग अन्नाचा आहे. चंदीचा तोबरा तबेल्यात न देता वळणाच्या अलीकडे, मग वळणावर, मग पलीकडच्या झाडाखाली देण्यास सुरुवात झाली. घोडीला रोजचा दाणा मिळतच होता, फक्त जागा बदलली. उपाशी ठेवून ओढून नेण्याचा प्रकार यात कुठेही नाही, आणि तो करूही नये. काही शिक्षक याच्या उलट टोकाला जातात: तबेल्याजवळ घोड्याला गोल फिरवून दमवतात आणि दूर नेऊन विसावा देतात, म्हणजे घर कष्टाचे आणि बाहेरचे सुखाचे ठरावे. ही युक्ती काही घोड्यांना लागू पडते, पण जपून वापरावी लागते. घर ही घोड्याची झोपण्याची जागा आहे. तिथेच तो धास्तावला तर नवी दुखणी उभी राहतात. राणीच्या बाबतीत तबेल्यापाशी दोन-चार मिनिटे पुढे-मागे, डावीकडे-उजवीकडे एवढे मोजके काम ठेवले आणि मोठा विसावा नेहमी बाहेर दिला.

सोबतीच्या घोड्याचा उपयोग करावा की नाही हा प्रश्न इथे येतोच. सोबत दिली की काम लगेच होते, म्हणून ती कायमची लागते. सोबत न देता भीतीला तोंड द्यायला लावले तर काम फार लांबते. मधला मार्ग असा की, सोबतीचा घोडा सुरुवातीला पुढे ठेवायचा, मग बरोबरीने, मग मागे, आणि शेवटी तो वाटेत एका जागी उभा राहील आणि शिकणारा घोडा त्याच्यापासून थोडा दूर जाऊन परत त्याच्याकडे येईल. या शेवटच्या टप्प्यावर खरा बदल होतो, कारण सोबत सोडून गेले तरी ती पुन्हा मिळते हे घोडा तिथे शिकतो. तबेल्यात मागे राहिलेल्या घोड्याचीही सोय पाहावी लागते. तो एकटा पडून खिंकाळत राहिला तर बाहेर गेलेल्याचे लक्ष घराकडेच राहते. मागच्या घोड्यापुढे गवत टाकून ठेवल्यावर राणीच्या मागून येणाऱ्या हाका बऱ्याच कमी झाल्या.

पाठीवर बसण्याची वेळ यानंतर येते. पहिल्या फेऱ्यांना खोगीर चढवून पायीच नेणे, मग वळणाच्या पलीकडे, जिथे घोडी आधीच शांत आहे तिथे बसणे आणि थोडे चालवून उतरणे, असा क्रम ठेवला गेला. बहुतेक लोक तबेल्याच्या दारात बसतात आणि तबेल्याच्या दारात उतरतात. त्यामुळे ओझे घराशी चढते आणि घराशी उतरते, आणि घोडा दोन्ही गोष्टी लक्षात ठेवतो. उतरण्याची जागा घरापासून दूर नेली की परतीची ओढ कमी होते. तंग तिथेच एक भोक सैल करून शेवटचे अंतर पायी आणावे.

स्वाराच्या मनाचा परिणाम घोड्यावर होतो ही गोष्ट अनुभवी घोडेवाले जाणतातच. तिचे मोजमापही झाले आहे. स्वीडनमधल्या लिंडा कीलिंग आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात माणसांना घोडा घेऊन किंवा घोड्यावर बसून ठरावीक अंतर चार वेळा चालायला सांगितले. शेवटच्या फेरीआधी त्यांना सांगण्यात आले की, या वेळी वाटेत एक छत्री अचानक उघडली जाईल. छत्री प्रत्यक्षात उघडलीच नाही. तरीही त्या फेरीत माणसांच्या हृदयाचे ठोके वाढले आणि घोड्यांचेही वाढले. वळण जवळ येताना स्वाराने लगाम आखडला, मांड्या आवळल्या, श्वास रोखला की घोड्याला तिथे काहीतरी आहे याची पुष्टीच मिळते. म्हणून वळणाआधी स्वाराने मोठ्याने श्वास सोडावा, हात सैल ठेवावेत आणि नजर वळणाच्या पलीकडच्या वाटेवर लावावी. गुणगुणणे उपयोगी पडते, कारण गुणगुणताना श्वास रोखता येत नाही. मालकाचा मुलगा घोडीला नेताना सिनेमाची गाणी म्हणत असे आणि त्याच्याबरोबर ती सर्वांत आधी मोकळी झाली.

सुरक्षिततेच्या बाबतीत डोंगरावर विशेष दक्षता लागते. ठाणाकडे ओढ घेणारा घोडा गर्रकन फिरतो, मागे मागे जातो किंवा मागच्या पायांवर उभा राहतो. दरीच्या कडेच्या वाटेवर यातले काहीही जिवावर बेतू शकते, म्हणून शिकवणीची वाट दोन्ही बाजूंना मोकळी असलेली निवडावी. माथेरानच्या ऑलिंपिया रेसकोर्ससारखे मोकळे मैदान त्यासाठी उत्तम. घोडा उभा राहिला तर लगामाला लोंबकळू नये, त्याने तो पाठीवर पडतो. स्वाराने पुढे वाकून अयाळ धरावी, लगाम पूर्ण सैल सोडावा आणि पुढचे पाय जमिनीला लागताच घोड्याला चालते करावे. मागे मागे जाऊ लागला तर दोन्ही लगाम ओढणे म्हणजे मागे जाण्याचीच आज्ञा देणे. एका बाजूचा लगाम हलकेच आत घेऊन त्याची कंबर बाजूला फिरवावी, म्हणजे मागे जाण्याचा जोर मोडतो. वारंवार उभा राहणाऱ्या घोड्यावर एकट्याने काम करू नये. बसलेल्याला भीती वाटत असेल तर उतरून हातात दोरी घेऊन पुढे जाणे हा पराभव नाही. घोडा त्या दिवशी वळण ओलांडतो, एवढे पुरे.

परत येताना चालीला आवर घालणे हे जाण्याइतकेच मोठे काम आहे. घराकडे तोंड होताच घोडा वेग वाढवू लागला की त्याला सतत ओढून धरू नये. ओढण्याला ओढ हेच उत्तर मिळते. वेग वाढला की थांबवून, दोन पावले मागे घेऊन, लगाम सैल सोडून पुन्हा कदम चाल मागावी. काही वेळा उलट वळून थोडे दूर जावे आणि पुन्हा घराकडे यावे. वाटेतला कोणताही एक तुकडा शर्यतीचा होता कामा नये. तबेल्यात आल्यावर लगेच खोगीर उतरवून गव्हाणीशी सोडण्याऐवजी थोडा वेळ तसेच उभे करणे, खरारा करणे, कधी कधी पुन्हा फाटकाबाहेर नेऊन आणणे, यामुळे घरी पोहोचणे आणि सुटका यांची घट्ट गाठ सैल होते.

सुधारणा होत असताना मध्येच घोडा पूर्वीपेक्षाही जोरात अडतो, असा टप्पा बहुधा येतो. जुनी युक्ती चालेनाशी झाली की तो ती आधी अधिक ताकदीने वापरून पाहतो. हा टप्पा शिक्षण बिघडल्याचे लक्षण नाही, पण बहुतेक लोक इथेच हात टेकतात आणि घोड्याला परत नेतात. राणीने या टप्प्यावर वळणाशी बराच वेळ ठिय्या दिला. तिला मारले नाही, ओढले नाही आणि परतही नेले नाही. दोरीचा हलका ताण तसाच ठेवून वाट पाहिली गेली. तिने एक पाऊल टाकताच ताण सुटला, तोबरा पुढे आला आणि त्या दिवसाचे काम तिथे संपले. त्यानंतरच्या आठवड्यांत ती वळणावर क्षणभर रेंगाळे आणि स्वतःहून पुढे जाई.

ओळखीच्या माणसाबरोबर नीट जाणारी घोडी पर्यटकाबरोबर जाईलच असे नाही, कारण अनोळखी स्वाराच्या खुणा अस्पष्ट असतात. भाड्याच्या घोड्याला हे शेवटचे वळण पार करावे लागते. सुरुवातीला मालकाने दोरी हातात धरून, हलक्या वजनाच्या आणि शांत स्वाराला बसवून, कमी अंतराची फेरी घ्यावी. शार्लोट तलावाकडची फेरी जमल्यानंतर पॅनोरमा पॉइंटसारखी लांबची फेरी. दिवसाची पहिली फेरी सर्वांत आखूड असावी आणि दोन फेऱ्यांमध्ये विसावा तबेल्याबाहेर, सावलीत, पाण्याजवळ द्यावा. पर्यटकाच्या हातात चाबूक किंवा छडी देऊ नये. स्वार जड असेल तर सरळ नाही म्हणावे. पाठ पुन्हा दुखली की सगळी मेहनत वाया जाते. राणी दिवाळीच्या हंगामात दोरीवर चालली, आणि नाताळात तिला दोरीशिवाय, मालक बरोबरीने चालत असताना, काढता येऊ लागले.

पुढच्या पावसाळ्यात ही सवय परतू नये म्हणून तयारी वेगळी करावी लागते. पाऊस उघडेल तेव्हा रोज थोडा वेळ, खोगिराशिवाय, हाताने चालवून आणणे पुरते. कमाई नसली तरी हा वेळ द्यावा. नाल आणि खूर ठरलेल्या अंतराने पाहून घ्यावेत, कामात असलेल्या घोड्याला साधारणपणे सहा आठवड्यांनी. हंगाम सुरू होण्याच्या आधी जमिनीवरच्या कामाची उजळणी करावी. नवा मोतद्दार किंवा नवा मालक येत असेल तर घोडा कोणत्या जागी रेंगाळतो, तिथे काय करायचे आणि काय करायचे नाही हे त्याला प्रत्यक्ष चालून दाखवावे. आणि सगळे उपचार व सगळी मेहनत करूनही एखादा घोडा बाहेर पडताना दर वेळी घामाने निथळत असेल, लीद पातळ होत असेल, खाणे सुटत असेल, तर त्याला भाड्याच्या फेऱ्यांतून काढून हलके काम द्यावे किंवा मोकळ्या रानात इतर घोड्यांबरोबर ठेवावे.